पाने पिवळी पडली? युरिया टाकण्याआधी पाहा, जुनी की कोवळी!

अहिल्यानगर : डाळिंब, लिंबू किंवा पेरूची पाने पिवळी दिसली की अनेक शेतकरी आधी युरिया टाकतात. पण प्रत्येक पिवळेपणा नत्राच्या कमतरतेमुळे येत नाही. निदान चुकले, तर खताचा खर्च वाया जातो आणि बहरालाही फटका बसतो.

कमतरता कशी ओळखायची?

नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या फुटीला देते. त्यामुळे लक्षणे आधी जुन्या पानांवर दिसतात. लोह आणि जस्त असे सहज हलत नाहीत. त्यांची लक्षणे शेंड्याकडे दिसतात.

• नत्र : जुने पान सगळे फिकट पिवळे
• पालाश : जुन्या पानांच्या कडा करपतात
• मॅग्नेशियम : जुन्या पानांत शिरांमधला भाग पिवळा
• लोह : कोवळे पान पिवळे, शिरा मात्र हिरव्या
• जस्त : नवी पाने लहान व अरुंद, शेंड्याला गुच्छ

जमिनीत लोह असूनही कमतरता का?

चुनखडीयुक्त जमिनीचा सामू जास्त असतो. तिथे लोह असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. उसावर केवडा पडतो, तोही बहुतेकदा याच कारणाने. पाणी जास्त झाले, तर त्रास वाढतो.

उपाय काय?

जस्तासाठी लिटरला 5 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 2.5 ग्रॅम चुना, तर लोहासाठी लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट फवारतात. फवारणी उन्हात नको. आधी दोन-चार झाडांवर करून पाहावी. चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून लोह द्यायचे असेल, तर ‘ईडीडीएचए’ चिलेट टिकते, ‘ईडीटीए’ फारसे टिकत नाही. शेणखत आणि वाफसा सांभाळणे हा कायमचा उपाय.

हे विसरू नका

लिंबाच्या पानाच्या दोन बाजूंवर वेगवेगळे, विस्कळीत पिवळे डाग असतील, तर तो ग्रीनिंग रोग असू शकतो. त्यावर खत चालत नाही.

खात्रीसाठी माती-पान परीक्षण करा. फळबागेत मातीचे नमुने 0-30, 30-60 आणि 60-90 सेंटिमीटर अशा थरांतून वेगवेगळे घ्यावेत. सल्ल्यासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वर, दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्र गाठावे. जाताना पिवळ्या पानांसोबत हिरवी पानेही न्या.