मिहानच्या गावात नवे आहात? ग्रामसभेत आपली ओळख अशी करून द्या

नागपूरच्या मिहान प्रकल्पात नोकरी लागते. खापरी-जामठ्याकडे एखाद्या ले-आउटमध्ये आपण फ्लॅट घेतो किंवा भाड्याने खोली करतो, मेट्रोने जाणं-येणं सुरू होतं. वर्ष उलटून जातं, तरी आपण ज्या गावात झोपतो-उठतो त्या गावाला आपण कोण हे ठाऊक नसतं. नाली तुंबते, पथदिवा बंद पडतो, नळाला धार येत नाही आणि तक्रार मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच फिरत राहते.

या तक्रारीची खरी जागा ग्रामसभा आहे. गावाचं राजकारण तिथे उघड्यावर, सगळ्यांदेखत चालतं. तिथे पहिल्यांदा जायचं, बसायचं आणि स्वतःची ओळख सांगायची, हे अनेकांना अवघड वाटतं. त्यासाठी काय काय करावं लागतं, ते क्रमाने पाहू.

सगळ्यात आधी आपलं घर कोणाच्या हद्दीत येतं ते नक्की करा. मिहानच्या भोवती हद्दींचा गुंता आहे. शिवणगाव, चिंचभवन, जयताळा ही महापालिकेच्या हद्दीतली. तिथे ग्रामसभा नसते, झोन कार्यालय आणि नगरसेवक असतात. खापरी किंवा जामठ्याकडे आलात की ग्रामपंचायत लागते. पत्त्यात ‘नागपूर’ लिहिलेलं असतं म्हणून फसू नका. घराची करपावती पाहा. घरपट्टी ग्रामपंचायतीची असेल, तर घर तिच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, चढलेलं असतं. भाडेकरू असाल तर घरमालकाकडे पावती मागा.

पुढचा टप्पा मतदार यादीचा, आणि बहुतेक जण इथेच अडतात. ग्रामसभा म्हणजे गावात राहणाऱ्या सगळ्यांची सभा, असा आपला समज असतो. राज्यघटनेतली व्याख्या नेमकी आहे: गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत, त्यांची मिळून ग्रामसभा होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून या सभेला घटनेत जागा मिळाली. घर आपल्या मालकीचं असलं आणि कर वेळेवर भरत असलो, तरी नाव अजून अकोल्याच्या किंवा वर्ध्याच्या यादीत असेल तर या गावच्या सभेचे आपण सदस्य नाही. उलट भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस यादीत असेल, तर तो पूर्ण सदस्य.

नाव हलवण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा. २०२२ पासून पत्ता बदलण्यासाठी हाच अर्ज चालतो. पहिल्यांदाच मतदार होत असाल तर अर्ज क्रमांक ६. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरता येतात, किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे देता येतात. अडलं तर १९५० या क्रमांकावर विचारता येतं. जुन्या गावचं नाव राहू देऊन इथे नवं नाव घालण्याचा मोह टाळा. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची परवानगी नाही, आणि गावात अशी गोष्ट लपतही नाही.

यादीत नाव आलं की सभेच्या तारखेकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ नुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. रिवाजाने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. नेमका दिवस मागेपुढे होतो. नोटीस सात दिवस आधी लागते आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटवलेली असते. काही गावांत अजून दवंडीही देतात. आपल्या मोबाइलवर ती आपोआप येईल असं धरून चालू नका. आठवड्यातून एकदा फलकासमोरून जा.

नोटिशीखाली विषयपत्रिका असते, म्हणजे त्या दिवशी कशाकशावर बोलायचं त्याची यादी. ती शांतपणे वाचा. पहिला विषय जवळजवळ ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मागच्या सभेत काय ठरलं ते वाचून दाखवायचं आणि गावाने ते मान्य करायचं, एवढाच त्याचा अर्थ. मग जमाखर्च, योजनांचे लाभार्थी, कामांची निवड. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’.

नवी मंडळी आपलं गाऱ्हाणं या शेवटच्या ओळीवर सोडतात. तोवर अर्धी सभा उठून गेलेली असते, उरलेल्यांना घरची ओढ लागलेली असते, आणि विषय ‘बघू’ या एका शब्दात संपतो. त्यापेक्षा सभेची नोटीस निघण्याआधीच साध्या कागदावर अर्ज द्या. नाव, वॉर्ड, घर क्रमांक, एक विषय, खाली सही. दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. गावाच्या कामकाजातली आपली पहिली लेखी ओळख तो आवक क्रमांकच असतो. अर्ज बहुधा ग्रामसेवक घेतील; त्यांच्या पदाला अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

विषय निवडताना तो ग्रामपंचायतीच्या हातातला आहे का, हे तपासा. मिहान परिसरात हे फार महत्त्वाचं आहे, कारण इथे एकाच रस्त्याच्या दोन कडांना दोन मालक असू शकतात. मिहानच्या आतले रस्ते आणि भूखंड महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे, वर्धा रोड राष्ट्रीय महामार्गाकडे, बाहेरच्या ले-आउटची मंजुरी एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), विजेचे खांब महावितरणकडे. गल्लीतला पथदिवा, नाली, नळयोजना, कचरा, अंगणवाडीची खोली हे गावचं. महामार्गावरच्या उड्डाणपुलासाठी सरपंचांना धारेवर धरणारा माणूस पहिल्याच दिवशी स्वतःचं वजन घालवतो. गावाने वरच्या कार्यालयाला ठराव पाठवावा, अशी विनंती करता येते. मात्र ती तशीच, विनंती म्हणून मांडावी.

जाण्याआधी गावाचा थोडा हिशेब पाहून जा. ‘ई-ग्रामस्वराज’वर ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, म्हणजे वर्षभरातल्या कामांची मंजूर यादी, कोणालाही पाहता येते. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम ‘बंधित’ होती, म्हणजे ती पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची. हे माहीत असलेला माणूस ‘त्या पैशातून सभागृह का नाही बांधलं?’ असं विचारत नाही. तो नालीचा प्रश्न थेट त्या खात्याशी जोडतो, आणि ऐकणारे कान टवकारतात.

आता सभेचा दिवस. वेळेवर जा, शक्य तर थोडं आधी. समाजभवनाच्या दाराशी किंवा शाळेच्या व्हरांड्यात एका टेबलावर हजेरीची वही असते. अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा, बाजूला स्टॅम्पपॅड. सही नीट, वाचता येईल अशी करा. गणपूर्ती, म्हणजे सभा भरण्यासाठी लागणारी किमान हजेरी, याच वहीवरून मोजतात: मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते. पुढे तहकूब सभा घेतात तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही आणि थोड्या लोकांत ठराव होऊन जातात. म्हणून ‘आज कोरम भरला नाही’ एवढं ऐकून घरी बसू नका. पुढची तारीख विचारून घ्या.

महिलांसाठी एक चांगली वाट आहे. दर नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, अशी कायद्यात तरतूद आहे. नव्याने आलेल्या बाईने आपली पहिली ओळख तिथे करून द्यावी, असं माझं मत आहे. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटातल्या बाया तिथे भेटतात, आणि मोठ्या सभेत उभं राहण्याआधी चार चेहरे ओळखीचे होतात.

बसल्यावर लगेच बोलू नका. बाजूला बसलेले काकाजी विचारतीलच, “कोणत्या ले-आउटचे जी तुम्ही?” त्यांना नीट उत्तर द्या. त्यानंतरचा प्रश्न बहुधा असा येतो: “मंग कोणत्या पॅनेलचे?” ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, गावातले गट पॅनेल करून लढतात. आपण कोणाच्या बाजूने आलो आहोत, हे गाव आधी चाचपून पाहतं. त्याचा राग मानू नका. “पॅनेल काही नाही काकाजी, नालीसाठी आलो,” एवढं पुरे. आपली पक्षाची मतं लपवायची गरज नाही, पण देशाच्या आणि राज्याच्या राजकारणावरची ठाम वाक्यं पहिल्या दिवशी खिशातच राहू द्या. एकदा गटाचा शिक्का बसला की आपल्या नालीचा प्रश्नही त्या गटाचा होऊन बसतो, आणि दुसरा गट तो ऐकेनासा होतो. सरकारी सेवेत असाल, तर पक्षाच्या राजकारणात भाग घ्यायला सेवानियमांचीही मनाई असते. तेव्हा मतदार म्हणून आपल्या गल्लीपुरतंच बोला.

आपला विषय पुकारला गेला की उभे राहा. अध्यक्षस्थानी सरपंच असतात, बोलणं त्यांना उद्देशून करायचं. ओळख साधारण अशी असू द्या:

“नमस्कार सरपंच ताई, नमस्कार मंडळी. मी वॉर्ड तीनमध्ये, मंदिरामागच्या ले-आउटमध्ये राहतो. मूळचा वाशीमकडचा, मिहानमध्ये कामाला आहे. मतदार यादीत नाव याच गावात आहे. आमच्या गल्लीतल्या घरांचं सांडपाणी शाळेच्या रस्त्यावर येते, मुलं त्यातून जातात. तसा अर्ज दिला आहे, ही पोच. नाली कुठून काढता येईल, ते गावानं सांगावं.”

वॉर्ड आणि यादी सांगितली की आपला हक्क सिद्ध होतो. मूळ गाव सांगितलं की माणूस कुठला ते लोकांना कळतं. विदर्भात हे विचारल्याशिवाय ओळख पूर्णच होत नाही. शेवटचं वाक्य गावाला सल्ला विचारतं. पाणी उताराने कुठे जातं हे तिथल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि विचारलं की ते सांगतात.

कंपनीचं नाव, हुद्दा, पदवी यांची माळ लावू नका. त्यामागे इथला एक इतिहास आहे, आणि तो मनाशी ठेवूनच बोलायला हवं. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली, आणि मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, सुमठाणा अशा गावांच्या शेतजमिनी गेल्या. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण प्रकल्पग्रस्त असतात. मोबदला, विकसित भूखंड, पुनर्वसन वसाहतीतल्या सोयी, पोरांना नोकऱ्या या विषयांवर ते वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. आपण ज्या इमारतीत संगणकासमोर बसतो, ती त्यांच्यापैकी कोणाच्या तरी वावरात उभी असेल.

अशा सभेत “मिहानमुळे या भागाचा विकास झाला, आता तरी गाव सुधारा” असं वाक्य नवा माणूस चांगल्या हेतूनेच बोलून जातो. ते झोंबतं. “या गावात काहीच नाही” हे त्याहून वाईट. आपला विषय पुनर्वसनाच्या विषयामागे लागला, त्यावर तासभर बोलणं झालं, तर चुळबुळ करू नका आणि उठून तर मुळीच जाऊ नका. ते ऐकणं हा आपल्या ओळखीचाच भाग आहे. नव्या ले-आउटमधली माणसं स्वतःचा विषय संपला की निघून जातात, ही तक्रार अशा गावांत ऐकायला मिळते, आणि ती रास्त आहे.

कोणी विरोध केला तर? “नाली आमच्या दारावरून नको” असं कोणी म्हणणारच. लगेच हात वर करून मतदान मागू नका. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि विषय समजून घ्यायला अभ्यासगट बसतात. आपल्या गावात तसा रिवाज नसेल. पण विरोध करणाऱ्याचं दार आणि आपली गल्ली दोघांनी मिळून पाहून यावी, असं सुचवायला कोणाची हरकत नसते. ज्याला मतदानात हरवलं, तो पाच वर्षं शेजारीच राहणार आहे.

ठराव झाला तर त्याला सूचक आणि अनुमोदक लागतात. सूचक म्हणजे मांडणारा, अनुमोदक म्हणजे पाठिंबा देणारा. अनुमोदक शक्यतो जुन्या वस्तीतला मिळवा. आपल्याच इमारतीतल्या दोघांनी मांडलेला ठराव आणि गावातल्या कोणी उचलून धरलेला ठराव, यांत फरक पडतो.

सभा संपताना ठराव प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, लिहिला गेला का ते विचारा. ‘चर्चा झाली’ आणि ‘ठराव मंजूर’ हे दोन वेगळे शेरे आहेत. पहिल्यावर पैसा निघत नाही. काही दिवसांनी ठरावाची प्रत अर्ज देऊन मागा.

पुढच्या सभेला तोच पहिला विषय पुन्हा येईल, इतिवृत्ताचं वाचन. ते लक्ष देऊन ऐका. आपला ठराव वेगळ्या शब्दांत उतरला असेल, तर दुरुस्ती तेव्हाच सांगायची; इतिवृत्त एकदा कायम झालं की फार उशीर होतो. आणि काम पुढच्या वर्षीच्या आराखड्यात बसवायचं असेल तर २ ऑक्टोबरची सभा चुकवू नका, कारण आराखड्याची तयारी तिथून सुरू होते. त्यासाठीचा अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच देऊन ठेवलेला बरा.