‘ईमो’ संगीत : एका ध्वनिमुद्रिकेचें श्रवण

(नभोवाणीवरील भाषण)

माझा एक पुतण्या शिक्षणासाठीं कांहीं महिने आमच्या घरीं राहिला होता. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं तो आपल्या खोलीचें दार लोटून घेई आणि आंतून गिटारचे सूर ऐकूं येऊं लागत. ते सूर मला मोठे चमत्कारिक वाटत. कोणी तरी वाद्य जुळवीत बसला आहे, परंतु गाण्यास कांहीं केल्या प्रारंभ होत नाहीं, असा भास होई. मध्येंच एका तरुणाचा आवाज येई. तोहि असा, कीं आपलें म्हणणें कोणाच्या कानीं पडूं नये असेंच जणुं त्याला वाटत असावें. एके दिवशीं मीं दार ठोठावून विचारलें, “हें रडगाणें आणखी किती दिवस चालणार?” तो रागावला नाहीं. “काका,” तो म्हणाला, “तुम्हीं तें भिंतीपलीकडून ऐकलें आहे. एकदां आंत बसून ऐका.”

मी बसलों नाहीं. पुढें त्याचें शिक्षण संपलें, तो दुसऱ्या शहरीं नोकरीस गेला आणि रिकाम्या खोलीकडे पाहतांना मला त्याचें तें बोलणें आठवलें. मग मीं ती ध्वनिमुद्रिका मिळवून ऐकली. एकदां नव्हे, बरेचदां. त्या श्रवणांतून जें हातीं लागलें तें आपणांपुढें ठेवावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या संगीतास ‘ईमो’ असें म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें ‘हार्डकोअर पंक’ नांवाचें एक अतिशय वेगवान, कर्कश आणि संतप्त संगीत तरुणांत प्रचलित होतें. त्याचा राग बहुधा समाजावर आणि सत्तेवर असे. १९८५ च्या सुमारास ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’, ‘एम्ब्रेस’ इत्यादि वाद्यसंचांनीं तोच आवेश कायम ठेवून त्याचें तोंड आंत वळविलें. स्वतःचें मन, त्यांतील अपराधाची टोंचणी, तुटलेली मैत्री हे त्यांचे विषय झाले. या प्रकारास कोणीं तरी ‘इमोशनल हार्डकोअर’ म्हटलें. त्याचेंच आंखूड रूप ‘ईमो’. ज्यांना हें नांव मिळालें त्यांपैकीं बहुतेकांना तें रुचलें नाहीं. पुढें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तर काळे कपडे, डोळ्यांवर ओढलेले केस आणि दुःखाचें जाहीर प्रदर्शन म्हणजे ईमो, असा सार्वत्रिक समज झाला. परंतु या दोन टोंकांच्या मधल्या काळांत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत या वृक्षाला एक शांत फांदी फुटली होती. माझा पुतण्या जें ऐकत असे तें या फांदीचें फळ.

इलिनॉय राज्यांत, शिकागो शहराच्या दक्षिणेस, मक्याच्या सपाट शेतांमध्यें अर्बाना आणि शँपेन हीं जोडगांवें आहेत. तेथें त्या राज्याचें मोठें विद्यापीठ आहे. या विद्यापीठाच्या परिसरांत माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमोस या तीन तरुणांनीं ‘अमेरिकन फुटबॉल’ नांवाचा संच काढला. नांवावरून कोणीं खेळाची अपेक्षा करूं नये. त्या खेळाचा आणि या संगीताचा कांहीं संबंध नाहीं. किन्सेला गातो आणि गिटार वाजवितो. संचांत खर्जाची गिटार वाजविणारा वेगळा कोणी नसल्यामुळें ध्वनिमुद्रणाच्या वेळीं तें कामहि त्यानेंच केलें. होम्स दुसरी गिटार वाजवितो. लॅमोस तालवाद्यें वाजवितो आणि ट्रंपेटहि फुंकतो. सप्टेंबर १९९९ मध्यें ‘पॉलिव्हिनिल’ या लहानशा कंपनीनें त्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. तिला संचाचेंच नांव आहे. एकंदर नऊ गाणीं, काळ सुमारें चाळीस मिनिटें.

आणि त्याच सुमारास संच मोडला. भांडण झालें नाहीं. शिक्षण संपलें आणि ज्यानें त्यानें आपली वाट धरली. गांवोगांवचे दौरे झाले नाहींत कीं मोठी जाहिरात झाली नाहीं. ध्वनिमुद्रिका मात्र एका हातांतून दुसऱ्या हातांत फिरत राहिली. पंधरा वर्षांनीं, २०१४ मध्यें तिची नवी आवृत्ति निघाली तेव्हां तिचे ऐकणारे इतके वाढले होते कीं, पोक्त वयाच्या त्या वादकांना पुनः एकत्र येऊन वाजविणें भाग पडलें. या प्रकारच्या संगीतांत तिच्या वळणावर न गेलेला तरुण गिटारवादक आज शोधावाच लागेल.

आतां प्रत्यक्ष श्रवणाकडे वळूं. माझी सूचना अशी कीं, प्रथम गायकाकडे मुळींच लक्ष देऊं नये. गिटार ऐकावी. पहिल्या गाण्याचें नांव ‘नेव्हर मेंट’. गिटारच्या सहा तारा रूढ पद्धतीनें खालून वर ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळवितात. येथें तीन तारा जागच्या जागीं ठेवून बाकीच्या तीन किंचित् हलविल्या आहेत. त्यामुळें एफ, ए, सी, जी, सी, ई अशी जुळणी होते. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, सर्वांत खालची तार षड्ज मानली असतां सा, ग, प, रे, प, नी असे सर्व शुद्ध स्वर तारांवर बसतात. म्हणजे बोट न ठेवतां नुसता हात फिरविला तरी एक भरलेला, मधुर स्वरमेळ उमटतो. परंतु त्यांतील सर्वांत उंच स्वर आहे निषाद. निषादाचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. तो षड्जाच्या दारीं उभा असतो. गवई निषादावर रेंगाळून षड्जावर आला कीं आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. मारवा किंवा पूरिया गातांना तंबोऱ्याची पहिली तार निषादांत मिळवितात, तेव्हां सगळी खोली कशी हुरहुरीनें भरून जाते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांना अधिक सांगणें नको. त्या रागांचा आणि या गाण्याचा नातेसंबंध मी जोडीत नाहीं. परंतु मोकळ्या तारेवरील तो निषाद सारखा झंकारत राहिल्यामुळें गोडी आणि अस्वस्थता हीं दोन्हीं एकाच वेळीं कानीं पडतात. मला जें वाद्य जुळविणें वाटत होतें तें हेंच. गाणें कधींच सुरू झालेलें होतें. त्याला घरीं पोंचण्याची घाई नव्हती, इतकेंच.

दुसऱ्या वेळीं दोन्ही गिटार वेगवेगळ्या ओळखण्याचा प्रयत्न करावा. हेडफोन लावल्यास तें सोपें जातें. या दोहोंत एक मुख्य आणि दुसरी साथीची, असा प्रकार नाहीं. प्रत्येकीची एक लहानशी स्वराकृति असते, ती पुनःपुनः येते, आणि दोघींचे स्वर विणकामांतील धाग्यांप्रमाणें एकमेकींतून जातात. अशा विणींतील एक आकृति सहा मात्रांची आणि दुसरी चार मात्रांची असली, तर त्या सुरुवातीला बरोबर निघून लगेच फारकत घेतात आणि बारा मात्रांनंतरच पुनः भेटतात, हें तालाचा हिशेब जाणणाऱ्या श्रोत्यांच्या सहज ध्यानीं येईल. स्टीव्ह राइक या अमेरिकन रचनाकारानें १९७६ च्या ‘म्यूझिक फॉर एटीन म्यूझिशियन्स’ या रचनेंत लहान आकृतींच्या आवर्तनांतून मोठा पट विणला होता. या तरुणांनीं त्याचें ऋण मान्य केलें आहे. तात्पर्य, वरून भोळें दिसणारें हें संगीत भोळें नाहीं. दोघे मित्र शेजारीं चालत आहेत, परंतु त्यांचीं पावलें एकत्र पडत नाहींत. क्षणभर पडतात आणि पुनः चुकतात. विरहाची गोष्ट शब्दांनीं सांगण्यापूर्वीं तारांनीं सांगून टाकली आहे.

तिसऱ्या वेळीं गायकाकडे वळावें. त्याचा आवाज कमावलेला नाहीं. तो वाद्यांच्या वर चढत नाहीं. त्यांच्या मध्यें, किंबहुना किंचित् मागें उभा राहतो. शब्द थोडे आणि तुटक आहेत. उन्हाळा संपत आला आहे, दोघांना वेगळें व्हावयाचें आहे, आणि जें बोलावयाचें तें नीट बोलतां येत नाहीं, असा एकंदर आशय. येथें एक गंमत सांगतों. पांचव्या गाण्याच्या नांवाचा अर्थ, ‘मला आतां लौकर निघालें पाहिजे हें तुला ठाऊक आहे’ असा आहे. सहाव्याच्या नांवाचा, ‘पण पश्चात्ताप मला जाळीत आहे’ असा. दोन्हीं नांवें एकापुढें एक वाचलीं म्हणजे एक वाक्य पुरें होतें. आणि यांतील पांचव्या गाण्यांत शब्दच नाहींत! निघालें पाहिजे, असें म्हणावयाचें आणि पुढें नुसतीं वाद्यें वाजवीत बसावयाचें. निरोप घेतांना उंबरठ्यावर जो अर्धा तास जातो, त्याचें याहून खरें चित्र काढणें कठीण आहे.

ट्रंपेटाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. हें वाद्य आपण लग्नाच्या वरातींत ऐकतों, आणि आनंदाची ललकारी हेंच त्याचें काम, अशी आपली समजूत असते. ‘दि समर एंड्स’ आणि ‘फॉर शुअर’ या गाण्यांत तें अगदीं खालच्या आवाजांत, दूरच्या रस्त्यावरून यावें तसें येतें. गायकाला जें बोलवलें नाहीं तें त्याच्यावर सोंपविलें आहे. तसेंच या गाण्यांत शब्द संपल्यावर गाणें संपेल असें धरूं नये. ‘ऑनेस्टली?’ या गाण्यांत शब्द आटोपल्यावरहि वाद्यें कितीतरी वेळ चालूच राहतात. आठवें गाणें, ‘स्टे होम’, आठ मिनिटांहून मोठें आहे, आणि त्यांत शब्द येतात ते बऱ्याच उशिरा. तोंवर तीच ती आकृति फिरत असते. शेवटच्या, नवव्या रचनेंत पुनः शब्द नाहींत. तेथें वुर्लिट्झर नांवाचा विजेचा पियानो आहे; त्यांत हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात, आणि म्हणून त्याचा आवाज घंटेसारखा, परंतु मऊ असतो. अखेरचें बोलणें अशा रीतीनें शब्दांच्या वांट्याला आलेलेंच नाहीं. ज्या संगीताला सारें जग भावनांचें प्रदर्शन म्हणून हिणवितें, त्याच्या एका श्रेष्ठ कृतींत भावना व्यक्त झाली आहे ती अशी, न बोलण्यानें.

याचा अर्थ ही कृति निर्दोष आहे असा नव्हे. कवितेच्या कसोटीवर तिचे शब्द ठिकठिकाणीं बाळबोध ठरतील. गायकाचा सूर डळमळतो. शिवाय विरहाची ही कथा सर्वस्वीं एका बाजूनें सांगितलेली आहे. जिला निरोप दिला तिला काय वाटलें, तें आपणांस कळत नाहीं. परंतु हे दोष त्या वयाचे आहेत, आणि त्या वयाचें खरें चित्र काढावयाचें तर ते येणारच. आपण वडील माणसें तरुणांच्या दुःखाला हंसतों, कारण आपणांपाशीं तुलना करण्यास मागचीं दुःखें असतात. पहिलें दुःख ज्याच्या वांट्याला आलें आहे, त्याच्यापाशीं तीं नसतात. हें दुःख ओसरेल हें त्यानें कशावरून जाणावें? हे वादक जेमतेम पदवी घेण्याच्या वयाचे होते. त्यांना तें ओसरूं द्यावयाचें नव्हतें, आणि धरूनहि ठेवतां येत नव्हतें. षड्जाच्या दारीं थबकलेला तो निषाद मला या अवस्थेचेंच नांव वाटतो.

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टणावर अर्बानामधील एका साध्या लाकडी घराचें छायाचित्र आहे. वेळ अंधाराची, खालून वर पाहिल्यासारखें घर दिसतें आणि वरच्या मजल्यावरील एका खिडकींत दिवा आहे. माणूस कोठेंच नाहीं. विद्यार्थ्यांनीं भाड्यानें राहावें असें हें घर. पण तें पाहण्यास देशोदेशींचे तरुण येऊं लागले. घर टिकावें म्हणून २०२३ मध्यें संच, ती ध्वनिमुद्रण कंपनी आणि त्यांचे कांहीं सहकारी यांनीं मिळून तें विकतच घेतलें. एका परक्या घराच्या खिडकीसाठीं इतका खटाटोप कां, असें पूर्वी मीं विचारलें असतें. आतां विचारणार नाहीं. आपल्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं अशी एक खोली असते किंवा होती. आंत दिवा असतो, दार लोटलेलें असतें, आणि आपण जिन्यांत उभे असतों.

ध्वनिमुद्रिका ऐकल्याचें मीं पुतण्याला कळविलें. त्यानें विचारलें, “कोणतें गाणें आवडलें, काका?” मीं म्हटलें, “आठवें.” क्षणभर थांबून तो म्हणाला, “तें कळावयाला मला दोन वर्षें लागलीं.” त्यावर मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. परंतु त्या रात्रीं आमचें बोलणें नेहमींपेक्षां बरेंच लांबलें.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलें जें ऐकतात तें सर्वच चांगलें असतें, असें मी म्हणणार नाहीं. तें भिंतीपलीकडून मात्र ऐकूं नये. चाळीस मिनिटें काढावीं, दार ठोठवावें आणि आंत जाऊन बसावें.