गुप्ततेच्या कुंपणांतील यंत्रविद्या

पुण्याहून आळंदीस जातांना वाटेंत दिघी लागते. आषाढीच्या वारीस निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी याच रस्त्यानें पुण्यास येते. त्या रस्त्यालगतच संरक्षण संशोधन व विकास संघटनेची एक संस्था आहे. सैन्याचे पूल व अग्निबाणांचे प्रक्षेपक यांची रचना तेथें होते. आंत काय चालतें हें वाटसरूस कळण्याचें कारण नाहीं. मात्र असें काम चालवावें कसें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

‘पिनाक’ हें नांव श्रोत्यांनीं ऐकलें असेलच. त्याच्या एका वाहनावरून १२ अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात. १९९९ सालीं कारगिलच्या युद्धांत त्याचा उपयोग झाला. बाणाचें काम पाषाणच्या संस्थेकडे, इंधनाचें सुतारवाडीच्या प्रयोगशाळेकडे आणि प्रक्षेपकाचें दिघीकडे होतें. पुढें उत्पादनांत खासगी कारखानेहि आले.

आतां अडचण पाहा. सर्वांस सर्व सांगितलें, तर गुपित उरत नाहीं. कोणासच कांहीं न सांगितलें, तर बाण नळींत बसत नाहीं! म्हणून ज्याला जेवढें करावयाचें, तेवढेंच ड्रॉइंग त्याच्या हातीं द्यावें. परंतु जेथें दोन भाग जुळतात, त्या सांध्याचीं मापें दोन्ही पक्षांस ठाऊक असलींच पाहिजेत. खरी कसोटी लागते ती माप बदलल्यावर. नव्या ड्रॉइंगास मंजुरी घ्यावी लागते, जुनीं मोजून परत घ्यावीं लागतात, त्यांची नोंद ठेवावी लागते. यास दिवस लागतात. सुरक्षा अधिकारी म्हणजे शेवटीं शिक्का मारणारा इसम, अशी समजूत असलेल्या व्यवस्थापकाचें वेळापत्रक येथेंच कोसळतें. हे दिवस त्यानें आरंभींच हिशेबांत धरावयास हवे होते.

नियमामागें कायदाहि आहे. १९२३ च्या शासकीय गुपितें अधिनियमान्वयें संरक्षणविषयक हेरगिरीस १४ वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. २०२३ च्या मे महिन्यांत याच संघटनेच्या पुण्यांतील एका वरिष्ठ शास्त्रज्ञास या कायद्याखालीं अटक झाली. मोबाइलवरून परदेशी हस्तकाशीं संपर्क ठेवल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यांत आला. आरोप म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, हें खरें. पण कुंपण कितीहि उंच असलें तरी माणूस सायंकाळीं घरीं जातो, आणि मोबाइल त्याच्या खिशांत असतो.

यास्तव माहितीच्या अधिकाऱ्यांची यादी वरचेवर तपासावी लागते. ज्याचें काम संपलें, त्याचें नांव त्याच दिवशीं कमी करावें. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचें नांव खोडण्यास कारकून धजत नाहीं; तें काम व्यवस्थापकानें स्वतःच्या हातानें करावें.