फोटोतला 'बसरा' मोती

ऑनलाइन लिलावात जुनी नथ घेतली. वर्णन होतं, 'अस्सल बसरा मोती'. शेवटच्या मिनिटाला बोली चढली, मीही इरेला पेटले. पार्सल आलं. मोती दातावर घासला तर गुळगुळीत, आणि भोकाच्या कडेला लेप सोललेला. आत चक्क काच!

दाताची परीक्षा घरच्या घरी बरी, पण अर्धीच. खरखरीत लागला तर मोती शिंपल्यातला, एवढंच कळतं. नैसर्गिक की संवर्धित, हे क्ष-किरणांखाली बघावं लागतं. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, म्हणूनच किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. प्रयोगशाळेचा दाखला नसेल, तर 'बसरा' हे मी नुसतं कौतुकाचं विशेषण समजते.

वर्णनाचा स्क्रीनशॉट बोली लावण्याआधीच काढा, मजकूर नंतर बदलू शकतो. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओही हवा. "मोती म्हटलं, नैसर्गिक कुठे म्हटलं?" असं विक्रेत्याने मलाच ऐकवलं! २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं. नाहीच दाद लागली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

माझे पैसे परत आले. परतीचं कुरिअर मात्र माझ्याच खिशातून.