तुझा रिपोर्ट, मावशीचाही रिपोर्ट

गेल्या महिन्यात म्हशाहून मावसभावाचा फोन आला. "ताई, तू जीन्सवरच काम करतेस ना? अल्झायमरची टेस्ट घरबसल्या होते म्हणे, थुंकी पाठवायची. करू का?"

वय 27, मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरी. आमची आजी शेवटची पाच-सहा वर्षं हळूहळू हरवत गेली. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरली की आजोबा बैलबाजारातून अजून कसे आले नाहीत म्हणून ओट्यावर वाट बघत बसायची. आजोबांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. भाऊ तिच्याजवळच वाढला, त्याचा प्रश्न तिथून आलाय.

तुम्ही संशोधनात येणार असाल तर असे फोन तुम्हालाही येतील. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे मांडते.

पहिलं विचारायचं ते वय. आजीचा आजार 76 च्या पुढे दिसू लागला. एपीपी, पीएसईएन-1 आणि पीएसईएन-2 या तीन जनुकांतल्या काही दोषांमुळे अल्झायमर बहुधा साठीच्या आतच गाठतो आणि प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता 50 टक्के असते. पण एकूण रुग्णांत अशी माणसं 1 टक्क्याहूनही कमी. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अशाच मोठ्या कुटुंबांचा कित्येक वर्षं अभ्यास केला. तिथे चव्वेचाळिशीच्या आसपास विसरणं सुरू होतं. त्यातल्याच एका बाईला मात्र जवळजवळ तीस वर्षं उशिरा त्रास सुरू झाला. तिच्या एपीओई जनुकात एक दुर्मिळ बदल होता, त्याने तिला वाचवलं असावं, असा 2019 चा शोधनिबंध आहे. म्हणजे 'नक्की होणार' म्हणतात तेही इतकं नक्की नाही.

आमच्या घरचा प्रश्न वेगळा. उतारवयातल्या अल्झायमरसाठी बघतात ते एपीओईच, 19 व्या गुणसूत्रावरचं. त्याची ई-2, ई-3, ई-4 अशी तीन रूपं. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. ई-4 ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. 'बारा पट' ऐकून घाबरायला होतं, पण पट कशाची ते विचारा. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेत. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत-अमेरिका मिळून अभ्यास झाला, त्यात ई-4 चं प्रमाण 7 टक्के निघालं, पेनसिल्व्हेनियातल्या तुलनेच्या गटात 11. म्हशातल्या पोराचा धोका कुठल्या तक्त्यातून वाचायचा? आजीला ई-4 होतं का, तेही कुणी तपासलं नव्हतं. ई-4 असून आजार न झालेले पुष्कळ आहेत, आणि नसताना झालेलेही.

मग कळलं तर माणूस खचतो का? अमेरिकेतल्या 'रिव्हील' अभ्यासात रुग्णांच्या 162 मुलामुलींपैकी काहींना निकाल सांगितला, काहींना नाही. 2009 मध्ये छापून आलं की वर्षभरात चिंता, नैराश्य यांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. पण त्यांना समुपदेशक होता, थुंकीच्या डबीबरोबर तो येत नाही. 2014 चा दुसरा एक अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. ई-4 असल्याचं माहीत असलेल्या वृद्धांनी, ई-4 असून ते माहीत नसलेल्यांपेक्षा स्मरणाच्या चाचणीत कमी गुण मिळवले. जनुक तेच. पुढे तुम्ही चाचण्या घ्याल तेव्हा समोरच्याला आधीच काय माहीत आहे, हे नोंदवायला विसरू नका.

हे सगळं ऐकून भाऊ म्हणाला, "माझं मी बघीन की." इथे मी अडले. समजा त्याच्यात ई-4 च्या दोन प्रती निघाल्या. एक काकांची, एक मावशीची, तिसरा पर्यायच नाही. म्हणजे पंचावन्न वर्षांच्या मावशीला न विचारता तिचीही तपासणी झाली. तिने तर आजीचं सगळं केलंय, अंथरुणातलंही. तिला हे जाणून घ्यायचंय का? धाकट्या बहिणीचं स्थळ बघणं चालू आहे, तो कागद कुणाच्या हाती लागेल? विम्याचंही तसंच. 'जनुकीय आजार' एवढ्यावरून सरसकट दावा नाकारणं भेदभाव आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं, पण अमेरिकेत 2008 पासून आहे तसा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

संमतीपत्रावर सही एकाची असते, माहिती मात्र घरादाराची निघते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत जनुकीय संशोधनावर वेगळं प्रकरण आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी वाचा, नंतर नको. मीही आधी नंतरच वाचलं होतं.

आणि हो, त्या वंशावळीत मीही आहे. आजी तीच. पीसीआरचं मशीन माझ्या टेबलापासून चार पावलांवर. प्रकल्पाच्या रसायनांवर स्वतःचा नमुना चालवू नये हे खरं, पण मी केलं नाही त्याचं कारण तेवढंच नाही. आई रोज फोन करते, तिच्या आवाजात मी काहीतरी शोधत बसेन.

भावाने तूर्त टेस्ट मागवलेली नाही. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने मांडलेले बदलता येण्याजोगे 14 धोके त्याला पाठवले होते, रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं वगैरे. त्याचं बोट तिसऱ्यावर थांबलं, कारण मावशी टीव्ही फार मोठ्याने लावते. परवा तिला कान तपासायला कल्याणला नेलं. मशीन लागणार आहे. मावशी म्हणते, यात्रा होऊ दे, मग बघू.