घरातली शेगडी आणि गावाची हवा

आमच्या वाड्यात थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्याचे बंब पेटत, आणि चौकात धुराची एक निळसर चादर तरंगत राही. ऊन वर आले की ती जाई. तोवर ती का जात नाही, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. लंडनच्या लोकांना तो प्रश्न डिसेंबर १९५२ मध्ये पडला, पण फार मोठी किंमत देऊन.

सामान्यतः हवा जमिनीपाशी उबदार व वर थंड असते, म्हणून ऊन धूर चढत जातो. परंतु वारा पडलेल्या लांब हिवाळी रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा. ५ डिसेंबरला असे झाकण लंडनवर बसले. धूर आणि धुके यांतून ऊन खाली पोहोचेना, म्हणून ते दिवसाही उठेना. ते ९ तारखेस उठले.

थंडी कडक, म्हणून घरोघर शेगडीत कोळसाही अधिक. दगडी कोळसा निखाऱ्यांवर टाकला की लगेच जळत नाही. प्रथम तो तापतो व त्यातून डांबरी वायू निघतात. त्यांना पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर ज्योत होते. न मिळाली तर त्यांचीच काजळी होऊन धुराड्यातून बाहेर पडते. दिवाणखान्यातल्या उघड्या शेगडीत ते पुरते जळणे कठीणच. रात्री विस्तव टिकावा म्हणून वर कोळशाचा चुरा दडपीत, तेव्हा तर धूर सर्वांत वाईट. शिवाय चांगला कोळसा परदेशी विकून पैसा उभा करण्याची त्या देशाला तेव्हा निकड होती; घरी येई तो पुष्कळदा हलका माल. वीजघरांच्या चिमण्याही धूर सोडीत होत्याच, पण त्या उंच. घरांची धुराडी मात्र छपराएवढी. कोळशातील गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत मुरून त्याचे गंधकाम्ल होत होते, आणि लोक ते श्वासाबरोबर घेत होते.

बसच्या पुढे कंडक्टर दिवा घेऊन चालत. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून चालू प्रयोग थांबवावा लागला. या गोष्टी सर्वांस दिसल्या. माणसे मरत होती, ती दिसली नाहीत. म्हातारी माणसे, तान्ही मुले, जुना खोकला असलेले, निरनिराळ्या आजारांच्या नावांखाली जात होते. मृत्यूंच्या नोंदींची बेरीज झाली तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक गेल्याचे कळले. पुढील आठवड्यांतील जादा मृत्यू सरकारने इन्फ्लुएंझाच्या खाती मांडले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ते धुराच्या खाती वळविले आणि आकडा १२,००० च्या आसपास नेला.

१९२६ च्या धूरविषयक कायद्याने राहत्या घरांना हातच लावला नव्हता. इंग्रजाला आपल्या शेगडीची माया फार, आणि मतदाराच्या घरात शिरावयास कोणते सरकार उत्सुक असते? १९५६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना धूरबंदीची क्षेत्रे ठरविण्याचा अधिकार दिला. त्याचबरोबर शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक निधीतून मिळू लागला. आमच्या मते कायदा चालला तो या दुसऱ्या तरतुदीमुळे. धूर करू नका, हे कुडकुडणाऱ्या माणसाला नुसते सांगून भागत नाही.

कोळसा मागे पडला, तसे सुखवस्तू घरांतून लाकडाचे स्टोव्ह हौसेने आले. लाकूड निरुपद्रवी वाटते. श्रोत्यांतील ज्या भगिनींनी श्रावणात ओले सरपण फुंकले आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. पाणी उडविण्यातच उष्णता खर्च होते, विस्तव थंड राहतो व वायू न जळताच बाहेर पडतात. त्यांतले बारीक कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही लहान. ते नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोल जातात. इंग्लंडात मे २०२१ पासून लहान गठ्ठ्यांनी विकावयाच्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल चालत नाही. घरगुती शेगडीसाठी दगडी कोळसा विकणे पूर्णपणे बंद झाले ते मे २०२३ मध्ये. तोवर त्या डिसेंबरला सत्तर वर्षे होऊन गेली होती.