आगकाडीची चाल

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या एका खोलीत दहा-बारा मुलांपुढे मी काडेपेट्या ठेवल्या. तीन तासांत स्टॉप-मोशन शिकवायचं होतं. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, मोबाइलवर फोटो काढायचा. असे बारा फोटो म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली तीही अशीच, काडी काडी सरकवून.

मोबाइल हलू नये म्हणून तो दोन विटांत बसवला. खिडकी बंद, दिवा एकच. नाहीतर ढग आला की चित्र लुकलुकतं.

एका मुलीची काडी धावत सुटली. ती बोटभर सरकवत होती.

‘सर, ही माझी आजी आहे. तिचे गुडघे दुखतात.’

‘मग तांदळाएवढीच सरकव. आणि मध्ये सहा फोटो न हलवता घे.’

पडद्यावर आजी अर्धा सेकंद दम खायला थांबली.